एका डीपीवरचे शेजारी

"ताई, कळलं का? डॉक्टरांनी दहा किलोवॅटचं सोलर बसवलं."

नलूवहिनींच्या बातमीला प्रस्तावना नसते. आमच्या दोन घरांमधल्या कंपाउंडच्या भिंतीवर काचा लावलेल्या आहेत, फक्त नळाजवळ दोन हात जागा मोकळी राहिलीय. त्या जागेतून आमटीच्या वाट्या, कढीपत्ता आणि कराडच्या कडेला वसलेल्या आमच्या या कॉलनीची सगळी खबर ये-जा करते.

"बसवू देत की. खाली दवाखाना, वर तीन एसी, गाडीसुद्धा विजेवरची घेतलीय त्यांनी."

"बसवू देत कसलं! त्यांचं बसल्यापासून आमचं दुपारी बंद पडतंय. साडेबारा वाजले की इन्व्हर्टरवर लाल दिवा. पाच मिनिटांनी सुरू होतो, की परत लाल. नेमकं भर उन्हाच्या वेळेला. आमचं ऊन डॉक्टर ओढून घेतात असं यांचं म्हणणं आहे."

"ऊन कसं ओढतील, वहिनी?"

"मला नका विचारू. यांना मोबाइलवर दिसतं ना सगळं."

वहिनींचे 'हे' बँकेतून निवृत्त झाले तेव्हा आता यांचा वेळ कसा जाणार अशी सगळ्यांना काळजी होती. ती काळजी छतावरच्या तीन किलोवॅटनं मिटवली. सकाळी सातला पहिला आकडा उमटतो, तिथपासून संध्याकाळी तो शून्यावर येईपर्यंत भाऊसाहेब मोबाइल खाली ठेवत नाहीत. कॉलनीच्या ग्रुपवर पूर्वी सुविचार यायचे, आता 'आज 13.2' एवढंच येतं. त्याखाली सोनारबापू 'आमचे 12.9' टाकतात आणि उरलेला दिवस दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत. ढग आला तर घरात सुतक.

ही साथ कॉलनीत शिरली ती 2024च्या फेब्रुवारीत केंद्राची सूर्यघर योजना आली तेव्हा. देशभरात एक कोटी घरं करायची, पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार अनुदान, तिसऱ्याला अठरा, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार. हा हिशेब आमच्याकडे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण माझं निरीक्षण असं की अनुदानामुळे लोक विचार करायला लागले, आणि बसवलं मात्र शेजारणीचं बिल बघून. वहिनींचं पहिलं बिल आलं, त्यात वापर शून्य आणि खाली नुसता स्थिर आकार. ते बिल त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. पुढच्या चैत्रागौरीपर्यंत आणखी चार गच्च्यांवर सांगाडे उभे राहिले.

"अण्णांना विचारा ना," मी म्हटलं. "ते काय सांगतात बघू."

मागच्या गल्लीतले अण्णा वीजमंडळातून निवृत्त झाले. मंडळाच्या 2005 साली तीन कंपन्या झाल्या, महावितरण, महापारेषण, महानिर्मिती, पण अण्णांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च आहे. कॉलनीत कुणाच्या घरचा दिवा लुकलुकला तरी आधी अण्णांना हाक जाते, मग तक्रार नोंदवायच्या नंबरला. ते दूध घेऊन परतत होते. वहिनींनी त्यांना रस्त्यातच धरलं.

अण्णांनी पिशवी भिंतीवर ठेवली. "काही लिहून येतं का इन्व्हर्टरवर? लाल दिव्याखाली?"

"ग्रिड ओव्हर व्होल्टेज," भाऊसाहेबांचा आवाज आतून आला. ते अर्थातच ऐकत होते.

"मग ऊन कुणी ओढलेलं नाही. तुमचं घर लाईनीला शेवटचं. बरोबर?"

"शेवटचंच. म्हणून तर आधी आम्हाला कायम लो व्होल्टेज. संध्याकाळी सातला मिक्सर फिरायचा नाही. आठवतंय ना ताई? तुमच्याकडे येऊन चटणी वाटायचे मी."

"तेच घर, तीच तार," अण्णा म्हणाले. "तेव्हा वीज डीपीकडून, म्हणजे कॉलनीच्या ट्रान्सफॉर्मरकडून, तुमच्याकडे यायची. वाटेत सगळे घेत घेत, शेवटच्याला पोचेपर्यंत दाब उतरलेला. आता दुपारी उलटं. तुमच्याकडून डीपीकडे जाते. पाणी जसं चढावर ढकलायला जोर लावावा लागतो, तसं डीपीत वीज ढकलायची तर तुमच्या टोकाचा दाब डीपीपेक्षा वर पाहिजे. तार जेवढी लांब, तेवढा जास्त वर. त्यात मध्ये डॉक्टर, सोनार, पाटील सगळेच ढकलतायत. घरात कुणी नाही, थंडीचे दिवस म्हणून पंखे बंद, एसी बंद. मग दाब चढतो आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तुमचा इन्व्हर्टर शहाण्यासारखा बाजूला होतो. पाच मिनिटांनी परत डोकावतो."

म्हणजे वर्षानुवर्षं रात्री जिच्यापर्यंत वीज धड पोचली नाही तीच बाई आता दुपारी जास्त विजेनं हैराण. वहिनींच्या नशिबाला शेवटचं घर काही चुकलं नाही.

"मग डॉक्टरांचं काढायला सांगा."

"ते कसं काढतील? दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला आता तांत्रिक तपासणीची अटच उरलेली नाही. 2024 साली केंद्रानं नियम बदलला. अर्ज केला की मंजूर धरायचा. आमच्या वेळी डीपीवर आधीच किती लोड आहे, आणखी बसतंय का, हे बघून सही व्हायची. आता लोकांना चकरा नाहीत, ते बरंच झालं. पण लाईन तीच राहिली ना, 1990च्या आसपास ओढलेली. त्या तारांना कुणी विचारलं नाही की बाई, तुला दोन्ही बाजूंनी चालायला जमेल का."

अण्णांना त्या तारांविषयी बोलताना पाहिलं की मला नेहमी वाटतं, स्वतःच्या मुलांविषयी ते इतक्या मायेनं बोलत नाहीत.

"उपाय सांगा, अण्णा. कूळ नको."

"तीन उपाय. एक, बोर्डाच्या माणसानं डीपीचा टॅप एक खाच खाली घ्यायचा, म्हणजे सगळ्यांचाच दाब थोडा उतरतो. पण मग रात्री पुन्हा तुमचा मिक्सर. दोन, कोण कुठल्या फेजवर, म्हणजे तिन्हींतल्या कुठल्या तारेवर आहे ते बघायचं. माझी शंका अशी की सोलरवाली बहुतेक घरं एकाच फेजवर बसलीत. कनेक्शन देताना वायरमन जवळची तार धरतो, त्याला काय. आणि तीन, दुपारी वीज वापरा."

"वापरा म्हणजे?"

"तुमची घरघंटी कधी चालते?"

वहिनींच्या घरघंटीवर अर्ध्या कॉलनीची दळणं होतात. ज्वारी, बाजरी, दिवाळीला भाजणी. पैसे घेतात, पण 'राहू द्या' असं आधी म्हणून. "संध्याकाळी. बायका कामावरून आल्या की डबे घेऊन येतात."

"दुपारी एकला चालवा. बोअरची मोटर दुपारी, कपडे धुण्याचं मशीन दुपारी. तिथल्या तिथं वापरलेली वीज तारेवर चढतच नाही, मग दाब कसला चढतो?"

"पण ह्यात आमचा फायदा काय? दुपारी दिलेलं युनिट रात्री परत मिळतंच की, एकास एक."

इथं अण्णांनी भिंतीवर कोपर टेकलं, म्हणजे मुक्काम वाढला.

"तिथंच तर सगळी गोम आहे. नेट मीटरनं तुम्हाला लाडावून ठेवलंय. डेअरीत सकाळी घातलेलं दूध शीतगृहात राहतं, संध्याकाळी कुणाला तरी मिळतं. विजेचं तसं होत नाही, तिला ठेवायला हंडा नाही. तुम्ही दुपारी एकला जे युनिट लाईनीवर घातलंत ते त्याच क्षणी कुणीतरी वापरलं. रात्री आठला जे परत घेता ते दुसरंच, कुठल्यातरी कोळशाच्या संचातलं नाहीतर कोयनेच्या पाण्यातलं, महागाईच्या वेळेचं. हिशेब मात्र सारखा. एक दिलं, एक घेतलं."

"मग आम्ही काय चोरी केली?"

"चोरी कोण म्हणतंय? सुरुवातीला लोकांनी बसवावं म्हणून हा सोपा हिशेब ठेवला, आणि ठीकच केलं. पण थोडी घरं असताना जे खपतं ते लाखो घरांना खपत नाही."

2025च्या सुरुवातीला महावितरणच्या दरप्रस्तावावरून हीच ठिणगी पडली होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचमधली युनिटं त्याच वेळच्या वापरातून वळती करायची असं काहीतरी येतंय, म्हणजे रात्रीच्या वापराचे पैसे भरावे लागणार, अशी बातमी आली. भाऊसाहेबांनी त्या दिवशी जेवणही केलं नाही. राज्यभर हरकती गेल्या, आणि घरगुती सोलरवाल्यांसाठी जुनी पद्धत राहिली. त्यानंतर जुलैपासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना दिवसाच्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैसे सवलत सुरू झाली. दंडाऐवजी आमिष. हे मला जास्त पटतं. वहिनींना दुपारी गिरणी चालव म्हणून नोटीस काढली तर त्या मुद्दाम रात्री बाराला चालवतील. ऐंशी पैसे सुटतात म्हटलं तर डबेवाल्या बायकांचं वेळापत्रक त्या स्वतःच बदलतील.

"आणि मार्चचं सांगू का अण्णांना?" वहिनी हळूच म्हणाल्या.

"नको," आतून आवाज.

पण बातमी नळापर्यंत आलीच होती. खात्यात साठलेली युनिटं 31 मार्चपर्यंतच पुढं ओढता येतात. उरतील ती वीज कंपनी विकत घेते, पण तो दर आपण देतो त्या दराच्या जवळपासही नसतो. भाऊसाहेबांनी आयुष्यभर मार्चअखेर बँकेत काढली, त्यांना शिल्लक 'लॅप्स' होणं सोसवेना. गेल्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या घरी इस्त्री, गिझर, दोन्ही एसी आणि ओव्हन एकदम चालू होते. वहिनींनी त्या आठवड्यात नानकटाई केली. आम्हालाही आली. चांगली होती.

"अण्णा, दुसरी एक गोष्ट मला अजून पटत नाही," वहिनींनी विषय वळवला. "जूनमध्ये फांदी पडून लाईट गेली होती ना, अख्खा दिवस? बाहेर लख्ख ऊन. छतावर तीन किलोवॅट. आणि घरात पंखा बंद! दीड-दोन लाख कशाला घातले मग? बसवणारा पोरगा आधी बोलला नव्हता."

हे गाऱ्हाणं मी किमान पाच घरांतून ऐकलंय. सोलर बसवलं की लाईट जाण्याची कटकट संपली असं सगळे धरून चालतात, आणि विकणारा तो समज दूर करायच्या भानगडीत पडत नाही.

अण्णांचा चेहरा मात्र बदलला. "ते तसंच असायला पाहिजे, वहिनी. लाईन पडली की तुमचा इन्व्हर्टर क्षणात सुटला पाहिजे. नाहीतर आम्ही डीपीचा स्विच खाली करून खांबावर चढायचो, वाटायचं लाईन मेलेली आहे, आणि कुणाच्या तरी घरून वीज उलटी आलेली. पूर्वी जनरेटरवाल्या दुकानांनी आमची माणसं अशी घालवलीत. स्विच न बदलता जनरेटर सुरू करायचे. म्हणून आम्ही लाईन बंद केली तरी आधी तिन्ही तारा एकमेकींना जोडून जमिनीला टेकवायचो, मगच हात लावायचो. घाईत एखादा तेवढंच विसरायचा." ते थांबले. "आता प्रत्येक गच्चीवर जनरेटर आहे. तो लाल दिवा लागतो ना, तो खांबावरच्या पोरासाठी लागतो."

वहिनींनी पुढं काही विचारलं नाही. मीही नाही. मग त्यांनीच विचारलं, "बॅटरी लावली तर?"

"बॅटरी आणि घर लाईनीपासून वेगळं करणारा स्विच, असा हायब्रिड इन्व्हर्टर लावला तर तुमच्यापुरता पंखा चालेल. पैसे लागतात."

आता मला बोलणं भाग होतं, कारण वहिनी वर बघत होत्या. माझ्या आंब्याकडे. सासऱ्यांनी लावलेला पायरी, वर्षाआड येतो. फेब्रुवारीत तीन वाजल्यानंतर त्याची एक फांदी त्यांच्या पॅनेलांच्या कोपऱ्यावर सावली टाकते. कोपराच तो, दोन वीत. पण पॅनेलं एकात एक जोडलेली असतात, एकाची वाट अडली की सगळ्या रांगेचा प्रवाह मंदावतो. भाऊसाहेबांनी मला याचा आलेख दाखवलाय. तीन वाजता रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. आलेख दाखवताना त्यांनी 'आंबा' हा शब्द एकदाही उच्चारला नाही, हे त्यांच्या सभ्यतेचं लक्षण. मी मोहोर गळाल्यावर फांदी छाटते असं कबूल केलंय. कैऱ्या लागल्या तर मात्र मुदत वाढेल, आणि त्यातल्या निम्म्या पलीकडे जातील. असा करार कुठल्याही नियमावलीत नाही.

"आमची धाकटी सांगत होती," वहिनी म्हणाल्या, "तिकडं अॅडलेडला तर कंपनी लांबूनच बटण दाबून घरांचं सोलर बंद करते."

धाकटी तिथं नर्स आहे. ती जे सांगते ते आमच्याकडे वेदवाक्य, पण यावेळी ते खरंही आहे. ऑस्ट्रेलियात 40 लाखांहून जास्त छतांवर पॅनेलं आहेत आणि अॅडलेड ज्यात येतं ते दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्य त्यात पुढे. 2020च्या सप्टेंबरपासून तिथं नवीन बसवायचं तर ते दुरून बंद करता येईल असंच बसवावं लागतं. 14 मार्च 2021, रविवारची दुपार, छान ऊन, गरमी नाही. म्हणजे अगदी आपल्या फेब्रुवारीसारखी. राज्याची मागणी इतकी उतरली की यंत्रणा हातात ठेवायला काही हजार घरांचं सोलर थोडा वेळ खरोखर बंद केलं गेलं.

"हे ऐकून यांनी तिला सांगितलं, परत ये," वहिनी म्हणाल्या.

"पण पुढचंही सांगा ना," मी म्हटलं. "मला तिनं पाठवलं होतं ते." कारण मला त्यातला तो भागच मोलाचा वाटतो. सुरुवातीला तिथं गर्दीच्या भागात घरांना निर्यातीची कायमची कमी मर्यादा घालत. मग लवचीक मर्यादा आली. लाईनीवर जागा असेल तेव्हा जास्त घाला, दाटी असेल तेव्हा कमी, आणि इन्व्हर्टर इंटरनेटवरून ते विचारून स्वतःच ठरवतो. आणि 2018पासून तिथल्या सरकारी भाड्याच्या घरांवर पॅनेलं आणि बॅटऱ्या बसवून त्या सगळ्या मिळून एक वीज केंद्र असल्यासारख्या चालवायचा प्रयोग झाला. 2019च्या ऑक्टोबरात पार क्वीन्सलँडमधला एक मोठा कोळशाचा संच अचानक बसला, तेव्हा या घरांमधल्या बॅटऱ्यांनी क्षणात वीज सोडून सावरायला हातभार लावला. भाडेकरूंच्या घरांनी! 2025च्या जुलैपासून तर तिथं घरच्या बॅटरीला साधारण तीस टक्के सूट मिळायला लागली.

"हे नवीन नाही हो," अण्णा म्हणाले. जगात काहीच नवीन नाही यावर त्यांची श्रद्धा आहे. "2006ला मी पुण्यात होतो. भारनियमनाचे दिवस. तेव्हा तिथल्या कारखानदारांनी आपापले डिझेल जनरेटर चालवायचे, त्यांची वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि डिझेलचा जादा खर्च मोठ्या ग्राहकांच्या बिलात थोडाथोडा घालायचा असं ठरलं. पुणे मॉडेल म्हणायचे. शहरातलं भारनियमन थांबलं. तेही छोट्या छोट्या ठिकाणची वीज गोळा करणंच की. फक्त धूर यायचा."

"आणि बाकीच्या महाराष्ट्रात अंधार," मी म्हटलं.

"ते आहेच."

पाटण तालुक्याचा विषय निघणं आता अटळ होतं, कारण अण्णांचं आजोळ तिकडचं. कोयनेच्या शिवसागरात बुडालेल्या गावांपैकी एक. त्या धरणावरची 1,960 मेगावॅटची वीज अजून महाराष्ट्राची संध्याकाळ सांभाळते. सूर्य उतरला, छतं झोपली, गावोगाव दिवे लागले की सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे पाणी सोडून चक्रं झपाट्यानं फिरवता येतात. कोळशाच्या संचाला असं चटकन उठवता येत नाही. म्हणजे जितकं दुपारी छतांवर पिकेल तितकं संध्याकाळी कोयनेवर ओझं वाढेल. आणि त्याच पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी, शंभरएक घरांची, 2024मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. घरं, शाळा, ग्रामपंचायत, रस्त्यावरचे दिवे, सगळं.

"माझ्या आजीचं घर बुडवून वीज केली," अण्णा म्हणाले. "आणि मान्याचीवाडीत आजीच्याच वयाची म्हातारी पत्र्यावरच्या विजेवर टीव्ही बघते. गाव जागच्या जागी." त्यांनी पिशवीतलं दूध चाचपून बघितलं. "मी बोर्डाचा माणूस. तरी सांगतो, हे बरं आहे."

"आमच्या दादाला विचारा बरं आहे का," वहिनी म्हणाल्या. त्यांचा भाऊ ऊसवाला. पूर्वी शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी आणि काठी घेऊन मोटर सुरू करायला जायचं, आणि आता उसात बिबटे. वहिनी सांगतात तसा तो रस्त्याच्या कडेला उभा राहून आधी फटाका वाजवायचा. मग त्यानं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून साडेसात अश्वशक्तीचा पंप घेतला. स्वतःचे दहा टक्के भरले, बाकी सरकारी. आता दिवसा पाणी, रात्री झोप. "माझी वहिनी म्हणते, वीस वर्षांनी नवरा रात्री घरात असतो. फार कटकट करतो."

"पण पावसाळ्यात?" अण्णा.

"पावसाळ्यात कशाला पंप?"

"तेच. पावसाळा आणि तोडणी धरून कित्येक महिने ती पॅनेलं नुसती ऊन खातात. लाईनीला जोडलेली नाहीत, त्यामुळं वीज कुठंच जात नाही. त्यापेक्षा गावाच्या गायरानावर एकच मोठा प्रकल्प, तो शेतीच्या फीडरला जोडायचा, म्हणजे सगळ्या शिवाराला दिवसा वीज आणि उरलेली बाकीच्यांना. राळेगणसिद्धीला तसा सुरुवातीचा एक झाला. आता सरकारी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वैजापूर तालुक्यात धोंदलगावला तीन मेगावॅटचा पहिला सुरू झाला, 2024ला. राज्यभर सोळा हजार मेगावॅटचं ठरवलंय. जागा भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख."

"सव्वा लाख!" आतून भाऊसाहेब. मग शांतता. त्यांच्या गावाकडच्या पडीक तुकड्याचा हिशेब सुरू झाला असावा.

मला एक विषय काढायचा होता, आणि तो काढला की वहिनी दुखावतील हेही ठाऊक होतं. पण भिंतीच्या या बाजूला एवढं स्वातंत्र्य असतं. "वहिनी, तुमचं बिल शून्य आलं याचा मला आनंदच आहे. पण त्याला फुकट म्हणू नका."

"योजनेचं नावच मुफ्त बिजली आहे. मी नाही ठेवलं."

"हो, पण आमच्या मंदाबाईंचं बघा. शुक्रवार पेठेत पत्र्याची खोली, भाड्याची. मीटर मालकाचा. मालक एका युनिटचे ठोक दहा रुपये लावतो. तिनं कुठं बसवायचं सोलर? छत तिचं नाही, मीटर तिचं नाही."

"मग मी काय करू? मी पैसे घातलेत."

अण्णा मध्ये पडले. "ताई म्हणतायत ते असं, की खांब, तारा, डीपी, वायरमन, रात्रीची वीज, हे सगळं तुम्हीही वापरता. मीटरवर शून्य दिसलं तरी रात्रभर लाईनच तुम्हाला वीज देते. आणि जास्त वापरणारे लोक, तीनशे युनिटांच्या वरचे, तेच चढ्या दरानं भरून शंभरच्या आतल्यांचा भार थोडा उचलायचे. तेच छतावर गेले तर ती तूट कुणाच्या बिलात येणार?"

"स्थिर आकार भरते की मी."

"भरता. त्यात भागत नाही, म्हणून तर दरवर्षी वीज नियामक आयोगापुढे भांडण."

वहिनी गप्प झाल्या नाहीत, त्या कधीच होत नाहीत. "मग मंदाबाईच्या मालकाला सांगा दहा रुपये घेऊ नको. तिथून सुरुवात करा. आणि त्याच्या पत्र्यावर पॅनेलं बसवा म्हणावं, अॅडलेडला भाड्याच्या घरांवर बसतात तर शुक्रवार पेठेत का नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कुणाकडेच तयार नाही. सोसायटीला सामायिक दिव्यांसाठी, लिफ्टसाठी किलोवॅटमागे अठरा हजार मिळतात, पण खोलीतला भाडेकरू कुठल्याच रकान्यात बसत नाही. वहिनींनी चिडून का होईना, मुद्दा बरोबर ठिकाणी नेऊन ठेवला. हे त्यांचं नेहमीचं. भांडता भांडता शहाणं बोलतात आणि मग श्रेय घेत नाहीत.

रविवारी अण्णांनी आपल्या जुन्या ओळखीतला एक वायरमन बोलावला. रीतसर अर्ज आधी दिलेला होता, हे सांगितलेलं बरं. वायरमननं खांबाखांबावर बघून वहीत लिहिलं आणि अण्णांची शंका खरी ठरली. सोलरवाली बहुतेक घरं एकाच तारेवर लटकलेली, उरलेल्या दोन तारा दुपारी रिकाम्या. काही घरं इकडून तिकडं हलवायची, डॉक्टरांचं तर थ्री फेजच आहे, त्यांचा इन्व्हर्टर तिन्हींवर वाटलेला असायला हवा तो नीट आहे का बघायचं, आणि वहिनींनी दळणाची वेळ बदलायची. आठवडाभर व्होल्टेज बघून टॅपचं ठरवायचं. डॉक्टर स्वतः खाली उतरून आले होते, अगदी नम्रपणे. वहिनींनी त्यांना चहा दिला. मात्र साखर नेहमीपेक्षा कमी होती, असं मला नंतर कळलं.

"मग आम्हाला कुठली देताय?" वहिनींनी वायरमनला विचारलं.

"वाय फेज, काकू. डॉक्टरांच्या घराची मूळ लाईन आरवर होती, ती आता..."

"ह्या तिन्हींतली चांगली कुठली असते?"

"तिन्ही सारख्याच, काकू."

"सारख्या असतील तर डॉक्टरांना तिन्ही आणि आम्हाला एकच का?"

अण्णा वायरमनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, तू शिडी उचल. हे मी बघतो." आणि त्यांनी परत भिंतीवर कोपर टेकलं.